सैनिक शहीद झाल्यानंतर त्याच्या घराचं पुढे काय होतं?

शहीद जवानाचा अंत्यविधी आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो, प्रत्यक्ष नाही तर टीव्हीवर. फुलांनी सजवलेला लष्करी ट्रक, 'अमर रहे'च्या घोषणा, बंदुकांची सलामी, आणि शेवटी घडी करून पत्नीच्या किंवा आईच्या हाती दिलेला तिरंगा. चौदाव्या दिवशी मांडव उतरतो, पाहुणे परततात, पुढारी दुसऱ्या कामाला लागतात. घराचं जे सुरू होतं ते मात्र पुढे पंचवीस-तीस वर्षं चालतं. त्या वर्षांबद्दल फारसं कुणी समजावून सांगत नाही, म्हणून हा लेख. पेन्शन कशी ठरते, कागद कुठे अडतात, घरातली नाती कशी बदलतात आणि आपण कुणाला लक्षात ठेवतो, कुणाला विसरतो, एवढं यात आहे.

पार्थिव गावी येऊन अंत्यविधी होण्याची ही पद्धत फार जुनी नाही. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत बहुतेक जवानांवर सीमेजवळच अंत्यसंस्कार झाले. घरी यायची ती तार, आणि काही आठवड्यांनी एक ट्रंक: कपडे, घड्याळ, पत्रं. मुंबईच्या गिरणगावात सातारा, सांगली, कोकणातली अशी कितीतरी कुटुंबं होती की एक भाऊ गिरणीत, एक पलटणीत. चाळीत अवेळी तारवाला दिसला की सगळा मजला दाराशी यायचा. १९९९ च्या कारगिल युद्धात आपले ५२७ जवान गेले आणि तेव्हापासून पार्थिवं विमानाने गावोगाव पोहोचू लागली. हा बदल मोठा आहे. शेवटचं तोंड पाहिलेलं घर आणि फक्त ट्रंक उघडलेलं घर, या दोघांचं दुःख सारखं नसतं. ज्यांनी काहीच पाहिलं नाही त्यांच्या मनाचा एक कोपरा वर्षानुवर्षं म्हणत राहतो की तार चुकीच्या घरी आली असेल.

नौदलाच्या बाबतीत हे आणखी कठीण. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात 'हँगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने आपली 'खुकरी' ही युद्धनौका बुडवली. काही मिनिटांत जहाज तळाला गेलं. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक त्या रात्री गेले. मुंबई तेव्हा ब्लॅकआउटमध्ये होती आणि जहाज पश्चिमेच्या ताफ्यातलं, म्हणजे मुंबईशी बांधलेलं. त्या घरांना ना पार्थिव, ना राख, ना फूल ठेवायला जागा. दीवला आता स्मारक आहे.

आणि ज्यांचा मृत्यूच सिद्ध होत नाही, त्यांचं काय? फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचं विमान १९७१ च्या युद्धात पाकिस्तानात पडलं. पकडलेल्या वैमानिकांत त्यांचं नाव असल्याची बातमी तिकडच्या वर्तमानपत्रात आली, पण युद्धकैदी परतले त्यांत ते नव्हते. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. त्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला. अशा बेपत्ता जवानांची, ५४ जणांची यादी अजून चर्चेत असते. २००७ मध्ये नातेवाइकांना पाकिस्तानातले तुरुंग पाहू दिले, पण कुणी सापडलं नाही. सात वर्षं ज्याची काहीच खबर नाही तो मेला असं कायदा धरून चालतो. त्यामुळे पेन्शनचा मार्ग मोकळा होतो. पण बाईने कुंकू लावायचं की नाही, वर्षश्राद्ध घालायचं की नाही, हे कायदा कसं सांगणार? माझ्या मते युद्धाने घरावर आणलेला सगळ्यात क्रूर प्रसंग हाच. मृत्यूचं दुःख हळूहळू तरी बसतं, बेपत्ता माणसाची वाट पाहणं बसत नाही.

पेन्शन कशी ठरते

आता पैशाकडे येऊ. 'शहिदाच्या घरच्यांना कोटी रुपये मिळतात' असं लोक सर्रास बोलतात. खरं असं की किती मिळणार हे जवान कसा गेला यावर ठरतं, आणि ते ठरवते लष्कराची चौकशी.

ढोबळमानाने तीन पायऱ्या समजा. मृत्यूचा नोकरीशी संबंध नाही असं ठरलं, तर साधी कौटुंबिक पेन्शन: शेवटच्या पगाराच्या ३० टक्के (पहिली काही वर्षं ५० टक्के). नोकरीमुळे आजार झाला किंवा ड्युटीवर अपघात झाला असं ठरलं, तर विशेष कौटुंबिक पेन्शन, ६० टक्के. आणि युद्धात, सीमेवरच्या चकमकीत, अतिरेक्यांविरुद्धच्या कारवाईत मृत्यू आला तर तिसरी पायरी, जिला सगळे 'लिबरलाइज्ड' म्हणतात: शेवटच्या पगाराइतकी, म्हणजे १०० टक्के. हिशेबाला पगार ४०,००० धरला तर पहिल्या पायरीवर १२,०००, दुसरीवर २४,००० आणि तिसरीवर ४०,०००, वर महागाई भत्ता. एकाच पलटणीतले, एकाच गावचे दोन जवान. एक गोळीने गेला, दुसरा बर्फात हृदय बंद पडून. दोघांच्या घरी दर महिन्याला येणाऱ्या पैशात एवढा फरक पडू शकतो.

केंद्राची एकरकमी मदतही अशीच पायऱ्यांची. सातव्या वेतन आयोगानंतर ठरलेल्या दरांनुसार ड्युटीवरच्या अपघातात किंवा अतिरेक्यांच्या हिंसाचारात मृत्यू आल्यास २५ लाख, सीमेवरच्या चकमकीत किंवा अतिउंचावर ३५ लाख आणि युद्धात शत्रूच्या कारवाईत ४५ लाख. राज्य सरकारची मदत, लष्कराच्या गटविम्याची रक्कम हे याखेरीज.

म्हणूनच वाद होतात ते 'कसा गेला' या एका ओळीवर. जानेवारी २०१३ मध्ये नियंत्रण रेषेवर गस्त घालताना भयंकर थंडीत एका जवानाची प्रकृती बिघडली आणि तो गेला. सुरुवातीला त्याची नोंद लढाईतला मृत्यू अशी होती, नंतर ती बदलली. पत्नीला लिबरलाइज्ड पेन्शन नाकारली गेली. ती सैन्यदल न्यायाधिकरणात गेली आणि जिंकली. त्यावर सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने सरकारचं अपील फेटाळलं, तिला ५०,००० रुपये खर्च द्यायला सांगितला आणि या बाईंना न्यायालयात खेचायलाच नको होतं असं सुनावलं. २०१३ ते २०२४: त्या काळात घरातलं बालवाडीतलं मूल दहावीला येतं. असे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाचं एक खंडपीठ मुंबईतही आहे, आणि तिथे वकिलाशिवाय स्वतःची बाजू मांडायचीही मुभा आहे, हे बऱ्याच कुटुंबांना माहीत नसतं.

अग्निवीरांचं गणित वेगळं. २०२२ पासून चार वर्षांसाठी भरती होणाऱ्या या मुलांच्या घरच्यांना ड्युटीवर मृत्यू आल्यास ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांची मदत, सेवानिधीची (पगारातून आणि सरकारी वाट्यातून साठलेल्या पैशाची) जमा आणि उरलेल्या काळाचा पगार मिळतो. बेरीज कोटीच्या पुढे जाते, पण नेहमीच्या सैनिकाच्या घराला मिळणारी दरमहा पेन्शन नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनवर बुलढाण्याचा एक अग्निवीर गेला तेव्हा हा प्रश्न आपल्या राज्यात घराघरात पोहोचला. एकरकमी कोटभर रुपये ऐकायला मोठे वाटतात. पण एकत्र कुटुंबात, अजून नीट रडूनही न झालेल्या बाईच्या खात्यात आलेली मोठी रक्कम किती दिवस तिची राहते? कुणाला घर बांधायचं असतं, कुणाचं कर्ज असतं, कुणी प्लॉट दाखवायला येतो. दर महिन्याला तिच्या नावाने येणारी पेन्शन तिला घरात जागा देते. या योजनेत तेवढं तरी बदलायला हवं असं मला ठामपणे वाटतं.

नावात काय अडतं

लष्करात लग्न झालं, मूल झालं की त्याची नोंद युनिटमार्फत होते. तिला 'पार्ट टू ऑर्डर' म्हणतात. ती नोंद नसेल तर लष्कराच्या लेखी ती बायको नाही आणि ते मूल नाही. आता आपल्याकडची पद्धत बघा. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, लग्नात बदललेलं नाव, आधारवर तिसरंच स्पेलिंग, बँकेत चौथं. कुठे नवऱ्याचं नाव मधे, कुठे वडिलांचं. नवरा जिवंत असताना यातलं काहीच नडत नाही. तो गेल्यावर प्रत्येक खिडकीवर तिला 'ही तीच बाई' हे सिद्ध करावं लागतं: प्रतिज्ञापत्र, राजपत्र, सरपंचाचा दाखला, पुन्हा प्रतिज्ञापत्र. पेन्शन सुरू झाल्यावरही दर वर्षी हयातीचा दाखला आहेच.

यातला बराचसा त्रास आधीच टाळता येतो. सुट्टीवर आलेल्या नवऱ्याकडून पार्ट टू ऑर्डरची प्रत मागून घ्यावी, तिच्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न अक्षर जुळवून पाहावं, विम्याला नॉमिनी कोण लावलंय ते विचारावं. घरात हा विषय काढणं अशुभ मानतात, मला कळतं. पण पलटणीत सुभेदारसाहेब नव्या जवानांना हेच सांगतात, मग घरात ते बोलायला संकोच कसला?

त्रास झालाच तर पहिली पायरी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. मुंबईत शहर आणि उपनगर दोन्हींसाठी ती सोय आहे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांची सगळी नोंद बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसात असते. पत्र तिथे लिहायचं आणि त्यावर जवानाचा नंबर घालायला विसरायचं नाही, कारण नावापेक्षा नंबरावर फाइल लवकर सापडते.

सून, सासू आणि चुलीभोवतीचे प्रश्न

नियमाप्रमाणे विवाहित जवानाची पेन्शन पत्नीला मिळते, आई-वडिलांना नाही. ती मृत्युपत्रात कुणाच्या नावे करता येत नाही, कारण ती त्याची मालमत्ताच नव्हे. सरकारने घरच्यांसाठी ठेवलेला तो हक्क आहे. जवान अविवाहित असेल तर मात्र आई-वडिलांचा विचार होतो. वाद इथे पेटतो. ज्या आईने भाकरीच्या पैशातून पोराला अकादमीत धाडलं, जो बाप त्याच्या मनीऑर्डरवर औषधं आणायचा, त्यांना वाटतं की आपलं पोरही गेलं आणि आधारही गेला. दुसरीकडे बावीस-तेवीस वर्षांची सून, जिच्यासमोर पन्नास वर्षं पडली आहेत. मी दोघींना दोष देऊ शकत नाही. काही घरांत आपसात समजूत होते, सून दरमहा काही रक्कम सासू-सासऱ्यांना देते आणि नातं टिकतं. काही घरांत कोर्टात तोंडं फिरतात. पूर्ण अवलंबून असलेल्या वृद्ध आई-वडिलांसाठी सरकारने वेगळी, पत्नीच्या हक्कातून न कापलेली तरतूद करायला हवी. दोघांना एकाच ताटात वाढून भांडायला लावणं बरोबर नाही.

पुनर्विवाहाचा प्रश्न याहून नाजूक. शौर्यपदक मिळालेल्या जवानाच्या पत्नीला पदकाचा मासिक भत्ता मिळतो. तिने दुसरं लग्न केलं तर तो बंद व्हायचा, फक्त दिराशी केलं तरच चालू राहायचा. ही अट नोव्हेंबर २०१७ मध्ये काढली. इतक्या उशिरापर्यंत सरकारी कागदाने एका बाईला सांगितलं की हक्क हवा असेल तर याच घरात राहा. लिबरलाइज्ड पेन्शनचे आजचे नियम बरे आहेत. पुनर्विवाहानंतरही ती मुलांचा सांभाळ करत असेल तर पेन्शन तिच्याकडेच राहते. मूल नसेल तरीही राहते. हे माहीत नसल्यामुळे किती मुली तिशीच्या आत एकट्या राहिल्या असतील, कुणी मोजलं नाही.

गाव बदलायला कायद्यापेक्षा जास्त वेळ लागतो. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. राज्य सरकारने तो ठराव बाकी गावांपुढे ठेवला. व्यासपीठावर शाल-नारळ देऊन 'वीरपत्नी' म्हणायचं आणि घरी आल्यावर हळदीकुंकवाला बोलवायचं नाही, ही विसंगती तिला रोज जगावी लागते. कर्नल संतोष महाडिक २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले आणि दोन वर्षांत त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक लष्करात अधिकारी झाल्या. त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण प्रत्येक वीरपत्नीने असंच काही केलं पाहिजे अशी अपेक्षा ठेवू नये. शिवणकाम करून दोन मुलं वाढवणारी, किंवा नुसतीच कशीबशी तग धरणारी बाईही तेवढीच आदराला पात्र आहे.

मुलांबद्दल थोडक्यात. लढाईत गेलेल्या जवानांच्या मुलांची शिक्षण फी संरक्षण खातं भरतं. २०१७ मध्ये त्यावर महिना १०,००० रुपयांची मर्यादा घातली होती, ओरड झाली आणि २०१८ मध्ये ती काढली. फीपलीकडचं ओझं वेगळं असतं. वडिलांची आठवणच नसलेल्या मुलाला दर २६ जानेवारीला त्यांच्या फोटोशेजारी उभं करतात, भाषण करायला लावतात, 'तूही सैन्यातच जाणार ना?' असं विचारतात. त्याला चित्रकार व्हायचं असेल तर? त्याला आधी तो कोण आहे ते विचारावं.

जे परत आले त्यांच्या घरांचाही यात हिस्सा आहे. पाय गमावलेला, मणका दुखावलेला जवान मेलेल्यांच्या यादीत नसतो, पण ते घर रोज युद्धाची किंमत भरत असतं. पहिल्या महायुद्धातले अपंग सैनिक जहाजांनी मुंबईला उतरू लागले तेव्हा, १९१७ मध्ये, इथेच त्यांना हातची कामं शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल संस्था सुरू झाली. नंतर ती पुण्याजवळ खडकीला गेली आणि अजून चालू आहे. खडकीलाच कमरेखाली लुळ्या पडलेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र आहे. मनाच्या जखमांसाठी एवढीही सोय नव्हती. 'लढाईवरून आल्यापासून ते फारसं बोलत नाहीत' हे वाक्य आपल्या कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं आहे. रात्री दचकून उठणं, फटाक्यांना घाबरणं, दारू, अकारण संताप: याला आजार म्हणतात आणि त्यावर उपचार असतात, हे त्या बायकांना कुणी सांगितलंच नाही. त्यांनी तो स्वभाव समजून सोसला.

कुणाची नावं राहिली

कुणाचं नाव दगडावर येतं हे नुसत्या शौर्यावर ठरत नाही. पहिल्या महायुद्धात सुमारे १३ लाख भारतीय लढाईवर गेले, त्यांतले ७४,००० च्या आसपास मेले. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मराठा पलटणी मोठ्या संख्येने होत्या. बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावं कोरली, पण साध्या भारतीय शिपायांची कोरली नाहीत. पलटणीच्या नावापुढे फक्त आकडा. स्मारकांची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये हा भेदभाव झाल्याचं मान्य करून माफी मागितली. साताऱ्याच्या अपशिंगे गावाने मात्र त्या युद्धात गमावलेले आपले ४६ जवान लक्षात ठेवले आणि पुढच्या पिढ्याही सैन्यात धाडल्या.

मुंबईचे स्वतःचे मृत तर मुंबईलाच ठाऊक नाहीत. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळ्याने भरलेलं 'फोर्ट स्टिकीन' जहाज फुटलं. शेकडो माणसं गेली, त्यांत आग विझवायला धावलेले ६६ अग्निशमन जवान होते. दर वर्षी त्या दिवशी भायखळ्याच्या अग्निशमन मुख्यालयात त्यांना मानवंदना दिली जाते. श्रीलंकेत १९८७ ते १९९० या काळात मारले गेलेले आपले अकराशेहून अधिक जवानही असेच. ते 'युद्ध' नव्हतं म्हणून त्यांच्या नावाने चौकात पुतळे फारसे उभे राहिले नाहीत. २०१९ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय युद्ध स्मारक झालं तेव्हा कुठे स्वातंत्र्यानंतरच्या पंचवीस हजारांहून अधिक जवानांची नावं एका जागी आली.

आणि खलाशी. दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश जहाजांच्या भट्ट्यांत कोळसा ओढणाऱ्यांत कोकणातले, विशेषतः रत्नागिरीचे पुष्कळ होते. ते सैनिक नव्हते, गणवेश नव्हता, पण पाणबुडीने जहाज फोडलं की भट्टीवाल्याला वर यायला वेळ मिळत नसे. पहिल्या युद्धात समुद्रात गेलेल्या अशा दोन हजारांहून अधिक जणांची नावं मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहेत. दुसऱ्या युद्धातल्या सहा हजारांहून अधिक नावांची वही वेगळी आहे.

तुमच्या घरात 'पणजोबा लढाईवर गेले ते आलेच नाहीत' अशी गोष्ट असेल, तर शोध घेता येतो. युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर नाव फुकट शोधता येतं. स्पेलिंग इंग्रजांच्या कानाने लिहिलेलं असतं, तेव्हा दोन-चार प्रकारे टाकून पाहा. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव आणि जिल्हा असतो. रायगडच्या लोकांनी जुन्या 'कुलाबा' नावाने शोधावं. नोंद सापडली तर तिची प्रत काढून गावच्या शाळेत आणि ग्रामपंचायतीत द्या, आणि घरातल्या वयस्कर बायकांना त्या माणसाबद्दल जे आठवतं ते आत्ताच लिहून घ्या.